मधपेटीची सामग्री आणि पावसाळ्यातील मधमाश्यांचे खाद्य

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि जावळी या डोंगराळ तालुक्यांत शेतीस जोडधंदा म्हणून मधमाशापालन अनेक वर्षे चालत आले आहे. महाबळेश्वर येथे १९४६ मध्ये या कामास संघटित स्वरूप आले. पुढे १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. या भागातील मधपाळ मुख्यत्वेकरून सातेरी माशी पाळतात. उन्हाळ्यात जांभूळ व हिरडा फुलले म्हणजे ही माशी मध देते. परंतु तीच वसाहत पावसाळ्यात उपाशी पडते आणि एके दिवशी पेटी रिकामी सापडते. नव्या मधपाळाचा धंदा बहुधा येथेच बंद पडतो. हे नुकसान योग्य सामग्री व वेळेवर दिलेले खाद्य यांच्या साहाय्याने बऱ्याच अंशी टाळता येते.

पावसाळ्यात माशी का उपाशी पडते?

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सततच्या पावसात माश्या बाहेर पडू शकत नाहीत. जी थोडी फुले असतात त्यांतील मकरंदही धुऊन जातो. पेटीतील साठा संपू लागला की राणी अंडी घालणे कमी करते. पोळ्यावरील माश्यांची गर्दी विरळ होते, मोकळ्या पोळ्यात मेणकिडा शिरतो आणि शेवटी वसाहत घर सोडते. सातेरी माशीचा हा स्वभावच आहे. अन्नाची टंचाई पडली की ती जागा बदलते. म्हणून पेटी सोडून गेलेल्या माशीस दोष देण्याऐवजी मधपाळाने जूनपूर्वीच पेटीतील साठा पाहावा. पेटी मागील बाजूने किंचित उचलून पाहिल्यास वजनावरून साठ्याचा अंदाज येतो. कडेच्या चौकटींच्या वरच्या भागात बंद केलेला मध दिसत नसेल, तर खाद्याची गरज आहे असे समजावे.

पेटी माशीच्या मापाची असावी

हलत्या चौकटींच्या पेटीचे तत्त्व अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये शोधून काढले. दोन पोळ्यांमध्ये, तसेच चौकट व पेटीची भिंत यांमध्ये, माशीस ये-जा करण्यापुरतीच वाट ठेवली, तर माशी ती वाट मोकळी ठेवते. सातेरी माशीसाठी ही वाट सुमारे ७ ते ९ मिलिमीटर असावी. ती अधिक रुंद झाली तर माशी तेथे आडवेतिडवे पोळे बांधते व चौकट उचलताना पोळे तुटते. ती अरुंद झाली तर माशीस तेथे पोचता येत नाही आणि अशा फटींत मेणकिड्यास आसरा मिळतो. म्हणून स्थानिक सुताराकडून पेटी करून घेतल्यास तिची मापे स्वतः पट्टीने तपासावीत.

सातेरी माशीसाठी लहान आकाराची पेटी वापरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी या माशीस अनुरूप अशी पेटी तयार केली होती. युरोपीय मेलिफेरा माशीची मोठी पेटी सातेरीस देऊ नये. मोकळी जागा उबदार ठेवण्यात तिची शक्ती खर्च होते. एका मधुबनात एकाच मापाच्या पेट्या ठेवाव्यात, म्हणजे गरजेप्रमाणे एका पेटीतील चौकट दुसरीत बसविता येते.

पेटीचे लाकूड चांगले वाळलेले व उग्र वास नसलेले असावे. रंग फक्त बाहेरून द्यावा. पेटी घोडीवर ठेवून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पेटीस पुढे किंचित उतार द्यावा, म्हणजे तळपाटावर पाणी साचत नाही. वरच्या झाकणास पत्रा असावा. पावसाळ्यात पेटीचे दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस ठेवावे.

प्रारंभी लागणारे साहित्य

सुरुवातीस पेटी व घोडी, तोंडावरची जाळी, धूर देण्याचे यंत्र, चौकटी सोडविण्याची पट्टी, सुरी, मऊ ब्रश आणि खाद्यपात्र एवढे साहित्य पुरते. मध काढण्याचे यंत्र वर्षातून थोडेच दिवस लागते. ते चार-पाच मधपाळांनी मिळून घेणे परवडते. पेटीत घालावयाची एक साधी फळी मात्र प्रत्येकाजवळ असावी. पावसाळ्यात माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यावीत आणि ही फळी उरलेल्या पोळ्यांच्या कडेस लावून जागा आटोपशीर करावी. काढलेली पोळी गंधकाची धुरी देऊन बंद डब्यात ठेवावीत. मेणकिड्यापासून त्यांचे रक्षण होते.

साखरेचा पाक

पाण्यास उकळी आणून भांडे चुलीवरून उतरावे व मग त्यात स्वच्छ पांढरी साखर विरघळवावी. साखर चुलीवर शिजवू नये. करपलेली साखर माश्यांना अपायकारक ठरते. गूळ, काकवी किंवा मिठाईच्या दुकानातील उरलेला पाक कधीही देऊ नये. त्याने माश्यांना हगवण लागते. लिंबू किंवा अन्य आंबट पदार्थ घालण्याचे कारण नाही.

पाक दोन प्रकारचा असतो. एक किलो साखरेस एक लिटर पाणी घेतल्यास पातळ पाक होतो. टंचाईत वसाहत तगविण्यासाठी व राणीस अंडी घालण्यास चालना देण्यासाठी तो द्यावा. दोन किलो साखरेस एक लिटर पाणी घेतल्यास घट्ट पाक होतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी साठा भरून काढण्यास तो उपयोगी पडतो.

एका वसाहतीस आठवड्याला २०० ग्रॅम साखरेचा पाक हे टंचाईच्या काळातील सर्वसाधारण प्रमाण आहे. जून ते सप्टेंबर हे सुमारे १७ आठवडे धरल्यास एका पेटीस साडेतीन किलोच्या आतच साखर लागते. वसाहत गमावून नवी मिळविण्याच्या खर्चाशी याची तुलना प्रत्येक मधपाळाने करून पाहावी.

पाक देण्याची पद्धत

रुंद तोंडाच्या बाटलीच्या झाकणास बारीक खिळ्याने काही छिद्रे पाडावीत. बाटलीत पाक भरून ती चौकटींवर, रिकाम्या मधकोठीत, उपडी ठेवावी व वरून झाकण लावावे. पाक आपोआप गळत नाही. माश्या तो छिद्रांतून शोषून घेतात. बाटली नसल्यास नारळाच्या करवंटीत पाक ओतून त्यावर गवताच्या काड्या तरंगत ठेवाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

पाक नेहमी सायंकाळी द्यावा व मधुबनातील सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. दिवसा दिल्यास किंवा थेंब बाहेर सांडल्यास सबळ वसाहती दुर्बळ वसाहतींवर तुटून पडतात आणि लुटालूट सुरू होते. त्या दिवसांत पेटीचे दार एक-दोन माश्यांपुरतेच उघडे ठेवावे. आंबलेला पाक लगेच काढून खाद्यपात्र गरम पाण्याने धुवावे. पावसात पेटी वारंवार उघडू नये. उघडीप मिळताच झटपट पाहणी करावी.

माशीस पाकाबरोबर परागाचीही गरज असते, कारण पिल्लांचे पोषण परागावर होते. पराग येत नसल्यास चरबी काढलेल्या सोयाबीनचे पीठ व दुधाची भुकटी पाकात मळून त्याची लहान वडी चौकटींवर कागदात ठेवावी. बुरशी आल्यास ती काढून टाकावी.

दुसऱ्याच्या पेटीतील मध खाद्य म्हणून देणे धोक्याचे आहे, कारण त्यातून रोग पसरतो. १९९१-९२ च्या सुमारास पिल्लांच्या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, हे विसरता कामा नये. रोगट पेटीतील चौकटही निरोगी पेटीत बसवू नये.

पाक केव्हा थांबवावा?

अंड्यातून कामकरी माशी बाहेर येण्यास सुमारे २० दिवस लागतात आणि ती फुलांवर जाऊ लागेपर्यंत आणखी दोन ते तीन आठवडे जातात. यासाठी चालना देणारा पाक मुख्य फुलोऱ्याच्या सुमारे सहा आठवडे आधी सुरू करावा. फुलोरा सुरू होताच तो पूर्णपणे बंद करावा आणि पेटीतील पाक संपल्यावरच मधकोठी चढवावी. पाक हे माशीचे अन्न आहे. मधाचा कच्चा माल नव्हे. मधकोठी असताना दिलेला पाक पोळ्यात साठतो आणि मध म्हणून विकला जातो. ही भेसळच होय. एका पेटीतील अशा मधामुळे गावाच्या सर्व मधावरील ग्राहकाचा विश्वास उडतो.

मध काढताना पोळ्याचा बहुतेक भाग मेणाने बंद झालेला असावा. अपक्व मधात पाणी अधिक राहते व तो आंबतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे. पिल्लांच्या कोठीतील मधास हात लावू नये. तो साठा वसाहतीचा असून त्यावर पावसाळ्यातील पाकाची गरजही कमी होते.

शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील फुलोऱ्याची नोंदवही ठेवविल्यास कोणते झाड केव्हा फुलते हे निश्चित कळेल आणि मधपाळांना पाक सुरू करण्याची व थांबविण्याची तारीख ठरविता येईल. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मे महिन्यातच मधपाळांची बैठक घेऊन पेट्यांची दुरुस्ती व साखरेची तरतूद करून घ्यावी. प्रशिक्षणासाठी महाबळेश्वर येथील मध संचालनालयाशी किंवा पुण्याच्या संस्थेशी संपर्क साधावा.