नर आणि मादी : जीवशास्त्राची व्याख्या

पपईच्या बागेत काही झाडांना लांब देठांवर फुलांचे झुपके येतात, पण फळ सहसा धरत नाही; काहींना खोडालगत फुले येऊन फळे लागतात. शेतकरी पहिल्यास नर व दुसऱ्यास मादी म्हणतो. पपई आणि गाय यांत काहीच साम्य नसता दोहोंस मादी हा एकच शब्द का लागू पडावा?

याचे उत्तर जननपेशीत आहे. बहुतेक प्राण्यांत व वनस्पतींत संयोग पावणाऱ्या दोन जननपेशी असमान असतात. मोठी, अन्नसाठा असलेली ती अंडपेशी. लहान ती शुक्रपेशी. ज्या शरीराची जननरचना अंडपेशीच्या निर्मितीसाठी घडलेली असते ती मादी व शुक्रपेशीसाठी घडलेली असते तो नर. वार्धक्य वा वंध्यत्व यांमुळे हा भेद पुसला जात नाही. गांडुळाच्या एकाच शरीरात दोन्ही पेशी तयार होतात, म्हणून ते उभयलिंगी.

रूप वा वर्तन ही कसोटी नव्हे. समुद्रघोड्याचा नर आपल्या पिशवीत पिले वाढवितो, तरीही तो नरच. गुणसूत्रे हीदेखील व्याख्या नव्हे. ती लिंग ठरविणारी एक यंत्रणा होय. मगरीत हेच कार्य अंड्यांभोवतीचे तापमान करते.

मानवात अंडपेशीत सामान्यतः ‘एक्स’ गुणसूत्र असते. शुक्रपेशीत ‘एक्स’ किंवा ‘वाय’. अशा गुणसूत्रांचा लिंगाशी असलेला संबंध नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली कीटकांच्या अभ्यासातून दाखविला. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या पेशीवर अवलंबून असते, आणि तेही त्याच्या इच्छेवर नव्हे. मुलगी झाली म्हणून सुनेस दूषण देण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. गर्भलिंग तपासणीस १९९४ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंध आहे.

काही व्यक्तींच्या जननेंद्रियांची वाढ नेहमीच्या क्रमाने होत नाही. त्यांस वैद्यकीय सल्ल्याची गरज असू शकते, उपहासाची नव्हे. शिवाय जीवशास्त्रीय व्याख्या शरीराचे वर्णन करते; माणसाची प्रतिष्ठा वा हक्क ती ठरवीत नाही. तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केली आहे.

शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे समजावून सांगितले, तरी अनेक घरांतील मातांवरचा अकारण दोषारोप दूर होण्यास साहाय्य होईल.