दहा दोस्त, एक नाग

भंडारा जिल्ह्यातलं पवनी हे वैनगंगेच्या काठी मातीच्या तटबंदीचं एक फार जुनं गाव आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या पथकाने उत्खनन केलं, तेव्हा इसवीसनापूर्वीचा बौद्ध स्तूप हाती आला. त्याच्या एका स्तंभावर फणा उभारलेला नाग कोरलेला आहे आणि शेजारी त्याचं नावही आहे : मुचलिंद, पावसात बुद्धावर फणा धरणारा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्यात, नागाला हे असं नावानिशी ओळखणं दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

या मुचलिंदाचा दुसरा एक भाऊबंद सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त भेटतो. पारावताक्ष त्याचं नाव, आणि तो मात्र शाप देतो. किशोरांच्या जादूभऱ्या मालिकांविषयी बोलायचं तर सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी. या ग्रंथाच्या शशांकवती लंबकात अयोध्येचा राजपुत्र मृगांकदत्त आणि त्याचे दहा दोस्त आहेत. दोस्त म्हणजे मंत्रिपुत्र, लहानपणापासून बरोबरीने वाढलेले. बापाने घराबाहेर काढलेला हा मुलगा दहाही जणांना घेऊन उज्जयिनीची राजकन्या शशांकवती हिच्या शोधात निघतो. वाटेत एका तापसाला नागाची जादूची तलवार मिळवून देण्याच्या भानगडीत ही मंडळी पडतात आणि नाग शाप देतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, कान बंद होतात, आणि अकरा जणांची अकरा दिशांना पांगापांग होते.

इथून पुढे खरी गोष्ट आहे ती एकेक दोस्त परत सापडण्याची. जो सापडतो तो आधी आपल्यावर काय गुदरलं ते सांगतो. विक्रमकेसरी परततो तेव्हा सर्पदंशातून वाचवलेल्या एका म्हाताऱ्या ब्राह्मणाने दिलेला वेताळमंत्र आणि वेताळाच्या गोष्टी घेऊन येतो. शाळकरी मुलं ज्या ‘वेताळ पंचविशी’ला विक्रमाची म्हणून ओळखतात, ती इथे अशी, हरवलेल्या मित्राने मित्राला सांगितलेली आहे! काही दोस्त तर गणपतीच्या झाडावरची फळं खायला चढतात आणि स्वतःच फळं होऊन फांद्यांना लटकतात. त्यांना सोडवल्याशिवाय मृगांकदत्ताचं पाऊल पुढे पडत नाही.

सोमदेव अकराव्या शतकातला, काश्मीरचा. पण त्याने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार घेतला तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेने सातवाहनाच्या दरबारातला, म्हणजे गोदाकाठच्या पैठणचा. आख्यायिका सांगते की राजाने पैशाची भाषेतला ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला आणि पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान जाळलं. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख गेले. उरलेला एक लाख, नरवाहनदत्ताची कथा, त्याने शिष्यांना आवडत होती म्हणून राखून ठेवला. यातला नरवाहनदत्तही मित्रांच्या घोळक्यातच वाढतो : गोमुख, मरुभूती, हरिशिख, तपंतक. प्रियेच्या वाटेकडे डोळे लावून तो झुरत बसतो, तेव्हा गोमुख त्याला रोज गोष्टी सांगतो, आणि त्यात कावळा, उंदीर, कासव व हरिण यांच्या मैत्रीची गोष्टही असते.

आता हाच धागा ‘हॅरी पॉटर’मध्ये पाहावा. 1997 ते 2007 या काळात आलेल्या सात पुस्तकांची ही मालिका भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने मराठीत आणली. पहिलं पुस्तक ‘हॅरी पॉटर आणि परीस’. हॅरी, रॉन आणि हर्मायनी यांची मैत्री जमते ती मंत्राने नाही. राक्षसी ट्रोल अंगावर आलेला असतो, दोघं मुलं हर्मायनीसाठी धावतात, आणि नंतर ती शिक्षकांसमोर त्यांच्यासाठी खोटं बोलते. चौथ्या भागात रॉन हेव्याने दुरावतो. सातव्या भागात गळ्यातल्या शापित लॉकेटने मनातली खोट उफाळून येते आणि तो तंबू सोडून चालता होतो. परत येतो तो बर्फगार तळ्यात बुडणाऱ्या हॅरीला बाहेर ओढायला. जादू इथेही मुलांना पांगवते, आणि एकत्र येण्याचं काम त्यांनाच करावं लागतं. वयात येताना दोस्ती तुटण्याची धास्ती किती खोल असते, हे लेखिका रोलिंगबाईंनी नेमकं ओळखलं.

मराठीत मात्र ही दोन सूत्रं वेगवेगळ्या घरी नांदली. जादू गेली छोट्यांकडे. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने 1959 साली रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ आणलं. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण तर घराघरात पोचली. मैत्री मात्र वास्तवातल्या साहसांत रमली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात आला, सुभाष देसाईसारखा मित्र जोडला आणि ‘ट्टॉक’ करत वीस पुस्तकं धावला. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांनाही फेणेच्या हातात जादूची कांडी द्यावीशी वाटली नाही. ते त्यांनी योग्यच केलं, कारण फेणेची ताकद त्याच्या चपळाईत आणि उघड्या डोळ्यांत आहे. पण त्यामुळे बारा ते सोळा वयाच्या मराठी वाचकाला जादू आणि दोस्ती एकत्र हवी असली, की भाषांतराकडे वळावं लागतं. ही उणीव भरून निघायलाच हवी.

सामग्रीची वाण नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगावबांधचा जलाशय आणि नागझिराही याच्यातच होते. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या रानातल्या पाखरांचं आणि माणसांचं जे लिहून ठेवलं आहे, त्यात एखाद्या मालिकेचं अख्खं जग दडलेलं आहे. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालतं, झाडीपट्टीची नाटकं थंडीत पहाटेपर्यंत रंगतात, आणि शाळेतली पोरं-पोरी घोंगड्या पांघरून पुढच्या रांगा धरतात. देव, राक्षस, नाग यांच्याशी त्यांची ओळख रंगमंचावरून झालेली असते. त्यांच्या झाडीबोलीत साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्यभर काम केलं. त्या बोलीत भांडणारे, रुसणारे, एकमेकांना शोधत वैनगंगेच्या काठाने फिरणारे चार दोस्त कुणीतरी आता लिहावेत. आणि पहिल्या भागात त्यांची पांगापांग पवनीच्या त्या नागासमोरच व्हावी.