मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि सिद्धान्तनिष्ठेचा प्रश्न

एखाद्या धर्मपंथाच्या अंतर्गत वादाचा विचार साहित्यविषयक नियतकालिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक जिचा निर्देश करतात ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी यांची. 'स्मृतिचित्रे' लक्ष्मीबाई टिळकांची. 'ज्ञानोदय' हे १८४२ साली निघालेले नियतकालिक अमेरिकन मिशनचे. हे वाङ्मय आम्ही शिक्षक मंडळी वर्गात आवडीने शिकवितो. परंतु ज्या श्रद्धेच्या पोटी ते जन्मले, तिच्यात कोणते प्रश्न धुमसत होते, याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. त्यांपैकी एक प्रश्न असा की, श्रद्धेचा गाभा कोणता आणि वेष कोणता, व वेष बदलता बदलता गाभाच निसटला तर ते ओळखावे कसे? त्याचे स्वरूप स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'इव्हँजेलिकल' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'सुवार्ता' अथवा 'शुभवर्तमान' या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दापासून तो आला असून मराठी ख्रिस्ती लेखक त्यास 'सुवार्तिक' म्हणतात. आमच्या भागात हा शब्द अनोळखी नाही. शेजारच्या छिंदवाड्यास स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचे मुख्य ठाणे आहे. तथापि तेथे या शब्दाचा अर्थ जर्मनी व स्वीडन या देशांतील रूढीप्रमाणे 'ल्यूथरप्रणीत सुधारणेस मानणारा' एवढाच होतो. इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या शतकातील धर्मजागृतीनंतर त्यास अधिक विशिष्ट अर्थ आला. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १८८९ नव्हे, तर अगदी अलीकडे, १९८९ साली त्या अर्थाची चार लक्षणे सांगितली : बायबलचे प्रामाण्य, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणास केंद्रस्थान, प्रत्येक व्यक्तीच्या अंतःकरणपालटाची आवश्यकता आणि कृतिशीलता. ही चौकट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

सिद्धान्त ढासळत असल्याची तक्रार या परंपरेत नवी नाही. लंडनचे विख्यात धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या मासिकात १८८७ साली काही लेख आले. त्यांत या घसरणीस जे नाव दिले होते, त्याचा अर्थ 'उतार' असा होतो. मुलताईच्या पठारावरून पांढुर्ण्याकडे उतरणारी रेल्वे ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या रूपकाचे मर्म लगेच कळेल. चढणीवर गाडीस जोर लावावा लागतो. उतारावर ती आपोआप धावते, आणि आत बसलेल्यास प्रवास सुखाचा वाटतो. स्पर्जन यांचा आक्षेप असा की, बायबलची ईश्वरप्रेरितता, ख्रिस्ताचे प्रायश्चित्तरूप मरण यांसारख्या गोष्टी उघडपणे कोणी नाकारीत नाही. त्या केवळ कमी बोलल्या जातात, पुढे संदिग्धपणे बोलल्या जातात, आणि शेवटी बोलल्याच जात नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते बॅप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. त्यानंतर अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात मूलतत्त्वांच्या समर्थनार्थ नव्वद निबंधांची बारा पुस्तके निघाली. १९२३ साली ग्रेशॅम मेचन यांनी प्रतिपादिले की, उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्माचा सौम्य प्रकार नसून जुनेच शब्द वापरणारा निराळा धर्म होय.

मेचन यांचा निष्कर्ष सर्वांस पटेल असे नाही, आम्हांसही तो संपूर्णपणे पटत नाही. परंतु त्यातील एक निरीक्षण भाषेच्या अभ्यासकाने हृदयाशी धरावे असे आहे. शब्द कायम राहतो आणि अर्थ घर सोडून जातो, हे निरीक्षण ते होय. आजची तक्रार पाहिली तर तीही याच जातीची आहे. 'आशीर्वाद' हा शब्द तोच, पण काही प्रवचनकारांच्या तोंडी त्याचा अर्थ पैसा, प्रकृती आणि व्यवसायातील यश एवढाच उरला आहे. या समृद्धिवादी शिकवणुकीचा धिक्कार सुवार्तिकांनी स्वतःच केला आहे. १९७४ साली लॉझान येथील परिषदेने पंधरा कलमांचा करारनामा करून आपली मूलतत्त्वे पुन्हा मांडली, व २०१० सालच्या केपटाउन परिषदेच्या निवेदनात या शिकवणुकीस स्पष्ट नकार दिला गेला. म्हणजे उतार एकाच बाजूस नसतो. बुद्धिवादाच्या बाजूने तो जसा लागतो, तसाच लोभाच्या बाजूनेही लागतो.

आता मराठीकडे वळू. काही वर्षांपूर्वी नारायण वामन टिळकांचा परिचय करून देताना आम्ही वर्गात 'तारण' हा शब्द उच्चारला आणि त्याचा अर्थ विचारला. एका विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले, "सोसायटीत जमीन ठेवतात ते, गुरुजी." वर्ग हसला, पण उत्तर चुकीचे नव्हते. संत्र्याच्या बागेवर कर्ज काढणाऱ्या कुटुंबातील मुलास 'तारण' म्हणजे गहाण हेच ठाऊक असणार. मराठी ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द पापापासून होणाऱ्या सुटकेसाठी योजिला. 'मोक्ष' अथवा 'मुक्ती' हे भारदस्त शब्द हाताशी असता त्यांनी 'तारण' का निवडला असावा? मोक्ष म्हटला की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका डोळ्यांसमोर येते. ख्रिस्ती सिद्धान्तात फेराच नाही, तेव्हा त्यातून सुटका तरी कोठली? तीच अडचण 'नव्या जन्मा'ची. योहानाच्या शुभवर्तमानात मनुष्याने नव्याने जन्मले पाहिजे असे ख्रिस्त सांगतो. त्यास कोणी 'पुनर्जन्म' म्हटले तर मराठी श्रोता मान डोलावील खरा, परंतु अगदी निराळीच गोष्ट समजून.

याचा अर्थ जुने शब्द टाळावेत असा मात्र नव्हे. फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) स्वर्गास 'वैकुंठ' म्हटले आणि ओवीच्या छंदात ख्रिस्तकथा गायिली. ते कॅथलिक जेसुइट होते. तरी त्यांच्यापुढील प्रश्न पुढे १८११ साली सेरामपुराहून मराठी नवा करार छापणाऱ्या विल्यम केरींच्या प्रॉटेस्टंट मंडळींपुढेही उभा होताच. ओळखीचा शब्द घेतला तर ऐकणाऱ्यास आपलेपणा वाटतो, पण जुना अर्थही सोबत येतो. अनोळखी शब्द घेतला तर सिद्धान्त शुद्ध राहतो, पण ऐकणारा दूर जातो. प्रत्येक मराठी ख्रिस्ती लेखक या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे.

या प्रश्नाशी सर्वांत निर्भयपणे झुंजल्या त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेमागे नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचाही वाटा होता. बाप्तिस्म्यानंतर लवकरच त्यांचा तेथील भगिनींशी वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलच्या शब्दांत दाखवून द्या, केवळ चर्चची आज्ञा म्हणून मी तो मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून तो प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. भगिनींच्या दृष्टीने रमाबाई घसरणीस लागल्या होत्या. परंतु पुढे काय झाले? १८९०च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले, आणि आपणांस धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांस जाणवले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्टपणे सांगितले आहे. एकेकाळी पाखंडाचा संशय ज्यांच्यावर होता, त्याच बाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. १९२२ साली त्या निवर्तल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित बाईसही कळावे आणि संस्कृतप्रचुर शब्दांतून परके अर्थ आत शिरू नयेत, अशी दुहेरी काळजी त्यामागे होती.

रमाबाईंच्या चरित्रातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. प्रश्न विचारणे आणि सिद्धान्त सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाबा पदमनजींचेही तसेच. मुंबईच्या परमहंस सभेच्या सुधारक वातावरणात ते वावरले आणि तेथून शास्त्रप्रामाण्याकडे आले. उलट दिशेने गेले नाहीत. तेव्हा शंका दिसली की घसरण झाली, असा निवाडा करणारा घाई करतो.

सर्वांत अवघड उदाहरण रेव्हरंड टिळकांचे. त्यांची कथा आमच्या भागाच्या जवळची आहे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी सेवा केली; परंतु १९१७ साली ती सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही.

आम्ही पुष्कळ वर्षे ही कथा वर्गात एकाच रीतीने सांगत आलो : परकीय मिशनची चौकट तोडून टिळक विशाल झाले. एकदा आमच्या एका ख्रिस्ती सहशिक्षकांनी तास संपल्यावर शांतपणे विचारले, "सर, तुम्ही टिळकांनी काय सोडले ते सांगितलेत. काय धरून ठेवले तेही सांगाल का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. नंतर 'अभंगांजली' पुन्हा वाचली तेव्हा कळले की, ज्यास आम्ही विशालता समजत होतो तिच्या मध्यभागी ख्रिस्ताची व्यक्ती जराही हललेली नाही. टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, परकीय रीत सोडली, बाप्तिस्म्याची अट दरबारापुरती शिथिल केली. ही शेवटची गोष्ट सुवार्तिकांस सुखाची वाटणे शक्य नव्हते, आणि त्यांची भीती निराधार होती असे आम्ही आज म्हणणार नाही. कारण अट गेली की पुढच्या पिढीस ती कशासाठी होती हेच आठवत नाही. परंतु टिळकांपुरते बोलायचे तर त्यांनी पूल ओलांडला होता. पुलावरच मुक्काम केला नव्हता. आमच्या अध्यापनातील दोष असा की, आम्ही विद्यार्थ्यांस पूल दाखविला आणि पैलतीर वगळला. अर्थ निसटण्यास कोणी विरोधकच लागतो असे नाही. प्रेमाने शिकविणाराही पुरेसा असतो.

तडजोड कोठवर करावी याचे एक उदाहरण नागपुरातच घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत लहान मुलांस बाप्तिस्मा देणारेही होते आणि सज्ञान श्रद्धावंतासच तो द्यावा असे मानणारेही होते. दोन्ही पद्धती मान्य करून ऐक्य साधले गेले. काहींना ही परिपक्वता वाटली, काहींना सिद्धान्ताची ढिलाई वाटली. बाहेरच्याने निवाडा देणे उचित नाही. तथापि एवढे म्हणता येईल की, येथे मतभेद झाकला गेला नाही, लिहून ठेवून मान्य केला गेला. उतारावरच्या गाडीत आणि ठरवून रूळ बदलणाऱ्या गाडीत हा फरक असतो.

या सर्व विवेचनावरून ऱ्हासाची चिन्हे तपासण्यास तीन प्रश्न पुरे पडतील असे आम्हांस वाटते. शब्द पूर्वीच्याच अर्थाने वापरला जात आहे काय? बदल झाला असेल तर तो उघडपणे व कारणासह सांगितला गेला आहे काय? आणि जे सोडले त्याची गणना करताना जे धरले त्याचीही केली आहे काय? हे प्रश्न ख्रिस्ती मंडळीपुरते नाहीत. वारकरी कीर्तन केवळ गायनाचा कार्यक्रम होते, किंवा 'सुधारणा' हा आगरकरांचा शब्द रस्तादुरुस्तीच्या फलकापुरता उरतो, तेव्हा आम्हीही त्याच उतारावर असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, हिंदी राज्यकारभाराच्या प्रदेशात मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांस शब्दांची ही राखण रोजच करावी लागते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी वर्गातील काम तेच आहे. 'तारण' शब्दाचे दोन्ही अर्थ आता आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, आणि टिळकांचा पाठ आला की ते सहशिक्षक त्या तासास येऊन बसतात. चुकलो तर सांगतात. अस्तु.