एका इंचाने काय फरक पडतो?

पेट्रोलवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानांत ५० ते ५५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन सर्रास दिसते. क्षमता जुन्या लुनाएवढीच, पण ताकद साधारण पाच अश्वशक्ती. विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर भरतात. असे इंजिन घेताना हौशी मंडळी महिनोन् महिने खल करतात आणि प्रोपेलर मात्र दुकानात असेल तो उचलतात. इंजिनाच्या ताकदीतून किती ओढ मिळणार आणि किती वेग, हे प्रोपेलरच ठरवतो. खल त्याच्यावर व्हायला हवा.

प्रोपेलरवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ २२ x १०. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तसा प्रोपेलर एका फेऱ्यात हिशेबाने जेवढा पुढे सरकेल तो त्याचा पिच. मिनिटाला ७,००० फेरे धरले, तर १० इंच पिचचा वेग ताशी १०७ किलोमीटर येतो आणि ८ इंचाचा ८५. विमान किती वेगाने जाऊ शकेल याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो.

ओढ मुख्यतः व्यासातून येते. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलली, तर तेवढ्याच ओढीसाठी कमी शक्ती खर्च होते. राइट बंधूंना हे नेमके उमगले होते. प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा पंखच, असे मानून त्यांनी गणित मांडले आणि १९०३च्या विमानाला साडेआठ फुटी लाकडी प्रोपेलरांची जोडी बसवली. मिनिटाला जेमतेम साडेतीनशे फेरे! अवघ्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर माणूस उडाला, त्यात या प्रोपेलरांचा वाटा फार मोठा आहे.

मग सरळ मोठा प्रोपेलर का लावू नये? कारण फेरे आणि पिच तेच ठेवले, तर तो फिरवायला लागणारी शक्ती साधारणपणे व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २२ऐवजी २४ इंच घेतला, की ४० टक्क्यांहून अधिक शक्ती लागते. ती इंजिनाकडे नसते. फेरे पडतात, इंजिन दमते आणि तापते. उलट फार लहान प्रोपेलर लावला, तर ते मर्यादेबाहेर पळते. याच सूत्राने २२ x १० आणि २३ x ८ यांचा इंजिनावरचा भार जवळपास सारखा येतो. नाक वर करून हवेत एका जागी लटकणाऱ्या कसरतीच्या विमानाला मी २३ x ८ देईन. महायुद्धातल्या लढाऊ विमानाची वेगवान प्रतिकृती असेल, तर २२ x १०. बसवल्यावर जमिनीवर टॅकोमीटरने फेरे मोजायचे आणि ते इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहायचे. उडताना भार हलका होऊन फेरे आणखी वाढतात, ही जागा हिशेबात राखून ठेवायची.

७,००० फेऱ्यांना २२ इंची पात्याचे टोक सेकंदाला २०५ मीटर धावते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के. विमानाच्या आवाजात या टोकांचा वाटा मोठा असतो. मैदान वस्तीजवळ असेल, तर थोडा मोठा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलरच घ्यावा. त्याच टोकाशी असलेला एक ग्रॅम लाकूड १५ किलोच्या जोराने बाहेर ओढले जाते. म्हणजे दोन पात्यांच्या वजनात गुंजभर फरक राहिला, तरी अख्खे विमान थरथरते, स्क्रू सैल होतात.

म्हणून तोल साधण्यात घाई नको. मधल्या भोकातून दांडी घालून प्रोपेलर बॅलन्सरवर ठेवला, की जड पाते हळूहळू खाली येते. हलक्या पात्यावर लॅकरचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा ठेवायचे. कसाही सोडला तरी जागचा हलत नाही, तेव्हा तोल जमला.

नवशिक्याने कार्बन फायबरच्या मागे लागू नये. तो ताठ आणि सुरेख असतो, पण जमिनीला आपटला तर दणका क्रँकशाफ्टला बसू शकतो. लाकडी प्रोपेलर स्वतः मोडून बहुतेक वेळा इंजिन वाचवतो. मात्र लाकूड दबते, पावसाळ्यात फुगते आणि नंतर आकसते, त्यामुळे बोल्ट पुन्हा पुन्हा आवळून पाहावे लागतात. पात्याला केसाएवढी चीर दिसली, तरी प्रोपेलर उतरवून तिथेच दोन तुकडे करावेत, म्हणजे दुसरे कोणी तो चुकूनही बसवणार नाही.