पडलेला भाव म्हणजे स्वस्त शेअर नव्हे

लेखमाला : शेअरमागची कंपनी – भाग 9

गेल्या भागात कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज ताळेबंदातून कसं वाचायचं, ते आपण पाहिलं. आजच्या विषयाला ताळेबंदात स्वतंत्र रकाना नसतो. तरीही उशिरा का होईना, त्याचा हिशेब तिथेच मांडला जातो. तो विषय म्हणजे सुरक्षा, आणि त्यासाठी बोइंगइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 787 उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात बोइंगचा शेअर सुमारे पाच टक्क्यांनी घसरला. आता भारतात बसून मोबाइलवरून अमेरिकी शेअर घेता येतात, त्यामुळे ‘भाव पडलाय, घेऊन ठेवू का?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला. एवढ्या मोठ्या दुःखाकडे खरेदीची संधी म्हणून पाहणं मनाला पटत नाही, आणि ते पटू नये. पण भावना बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं, तरी हा प्रश्न चुकीच्या जागी सुरू होतो. बोइंगचा गेल्या काही वर्षांचा इतिहास तेच सांगतो.

बाजार चुकला तो कसा?

29 ऑक्टोबर 2018 रोजी इंडोनेशियात लायन एअरचं नवंकोरं 737 मॅक्स जावा समुद्रात कोसळलं आणि 189 जण गेले. 737 चा मूळ आराखडा 1960 च्या दशकातला. एअरबसच्या ए320 निओशी टक्कर देण्यासाठी बोइंगने त्याच आराखड्यावर जास्त मोठी इंजिनं बसवली. ती पंखाच्या थोडी पुढे आणि वर आल्याने काही स्थितींत विमानाचं नाक वर जाण्याकडे कल वाढला. तो आवरण्यासाठी एमकॅस नावाची संगणक प्रणाली आली. ती नाक आपोआप खाली दाबायची आणि त्यासाठी एकाच सेन्सरच्या आकड्यावर विसंबायची. सेन्सर चुकला की प्रणालीही चुकणार. या प्रणालीची माहिती वैमानिकांच्या पुस्तिकेत दिलेली नव्हती.

अपघातानंतर शेअर पडला खरा, पण लवकरच सावरला. 17 डिसेंबर 2018 रोजी कंपनीने लाभांश 20 टक्क्यांनी वाढवला आणि 20 अब्ज डॉलरच्या शेअर पुनर्खरेदीला मंजुरी दिली. 1 मार्च 2019 ला भाव 440 डॉलरवर बंद झाला. तोवरचा तो सर्वोच्च भाव होता. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, 10 मार्चला, इथियोपियन एअरलाइन्सचं मॅक्स विमान तशाच प्रकारे कोसळलं. आणखी 157 माणसं गेली.

पहिल्या अपघातानंतर शेअर घेणारा चार महिने हुशार ठरला होता. पण त्याच काळात, 7 नोव्हेंबर 2018 रोजी, अमेरिकेच्या हवाई नियामकाने, म्हणजे एफएएने, मॅक्सबाबत तातडीचा आदेश काढला होता. सेन्सरचं मापन चुकलं तर विमान वारंवार नाक खाली दाबू शकतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. हा कागद कोणालाही वाचता येत होता. भाव वर जात होता आणि धोका तिथेच होता. भावाकडे पाहून सुरक्षेचा अंदाज बांधायचा नाही, हा इथला पहिला धडा.

पुढे जगभरात मॅक्स जमिनीवर उतरवलं गेलं. अमेरिकेत ही बंदी 20 महिने चालली. त्यातच करोना आला. मार्च 2020 मध्ये भाव 100 डॉलरच्या खाली गेला आणि लाभांश बंद झाला.

चार बोल्ट

आराखड्यातली चूक दुरुस्त झाली, मग कारखान्यातली चूक समोर आली. 5 जानेवारी 2024 रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स 9 विमानाचा एक भाग हवेतच निखळून पडला. जिथे दार बसवायचं नसतं ती जागा बुजवणारं ते झाकण होतं. त्याला लागून असलेल्या दोन खुर्च्या सुदैवाने रिकाम्या होत्या. कोणाचा जीव गेला नाही.

तपासात जे निघालं ते प्रत्येक गुंतवणूकदाराने वाचावं असं आहे. विमानाचा सांगाडा विचिटाच्या स्पिरिट एअरोसिस्टिम्सकडून बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात आला, तेव्हा त्याच्या काही रिव्हेट खराब होत्या. त्या बदलण्यासाठी ते झाकण उघडलं गेलं. काम झाल्यावर झाकण परत बसवलं, पण त्याला धरून ठेवणारे चार बोल्ट लावलेच नाहीत. झाकण उघडल्याची लेखी नोंद केली नव्हती, त्यामुळे ते परत नीट बसवलं का, हे तपासायला कोणी गेलंच नाही. ऑक्टोबर 2023 अखेर हे विमान ग्राहकाच्या हाती पडलं आणि जवळपास दोन महिने तसंच उडत राहिलं. कामगारांना पुरेसं प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख देण्यात बोइंग कमी पडली, असं तपास मंडळाने 2025 मध्ये अंतिम निष्कर्षात म्हटलं.

सुरक्षेची किंमत कोण मोजतं?

एका न केलेल्या नोंदीतून भागधारकाच्या खिशापर्यंतचा रस्ता सरळ आहे. बिल्डरला जशी उरलेली मोठी रक्कम फ्लॅटचा ताबा देताना मिळते, तसाच विमानाच्या किमतीचा मोठा वाटा कंपनीला विमान सुपूर्द करताना मिळतो. विमान अडकलं की पैसाही अडकतो. पगार, कच्चा माल आणि व्याज मात्र थांबत नाही.

अलास्काच्या घटनेनंतर एफएएने 737 चं उत्पादन वाढवायला मनाई केली आणि महिन्याला 38 विमानांची मर्यादा घातली. ती थेट ऑक्टोबर 2025 मध्ये 42 वर गेली. 2018 मध्ये बोइंगने 806 विमानं दिली होती. 2024 मध्ये फक्त 348. त्या वर्षी सुमारे 33 हजार कामगारांचा सात आठवड्यांहून अधिक चाललेला संपही झाला. वर्षअखेर तोटा 11.8 अब्ज डॉलर होता आणि कर्ज जवळपास 54 अब्ज. 2019 पासून 2024 पर्यंत सलग सहा वर्षं कंपनी तोट्यात राहिली.

पतमानांकन ‘जंक’ श्रेणीत घसरायला एकच पायरी उरली होती. ते वाचवण्यासाठी ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने नवे शेअर 143 डॉलरने विकले. आधीच्या शेअरसंख्येत जवळपास एक पंचमांशाची भर पडली. 2019 पर्यंतच्या काही वर्षांत याच कंपनीने 40 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम स्वतःचे शेअर विकत घेण्यावर घालवली होती. 2018 मध्ये तर ही खरेदी 300 डॉलरच्या वरच्या भावाने चालली होती. जे चढ्या भावाने परत घेतले, ते निम्म्याहून कमी भावाने पुन्हा विकावे लागले. यात जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला. 2025 संपतानाही भाव 2019 च्या शिखराच्या निम्म्याच्या आसपासच होता.

‘ही कंपनी बुडणार नाही’ एवढं पुरेसं आहे का?

बोइंगचे समर्थक एक मुद्दा बरोबर मांडतात. जगात मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या मुख्यतः दोनच कंपन्या आहेत. एअरबसची ऑर्डरवही पुढच्या कित्येक वर्षांसाठी भरलेली आहे, त्यामुळे नाराज ग्राहकाला जायला दुसरी जागा नाही. आपल्या अकासा एअरचा ताफा मॅक्सवरच उभा आहे. एअर इंडियाने 2023 मध्ये बोइंगकडे 220 विमानांची ऑर्डर दिली. बोइंगकडे 5 हजारांहून अधिक विमानांच्या ऑर्डर आहेत. शिवाय अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ही कंपनी हवीच आहे.

हे सगळं खरं आहे. पण यातून ‘कंपनी तगेल’ एवढंच सिद्ध होतं. कंपनी तगणं आणि जुन्या भागधारकाचा पैसा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 मध्ये कंपनी तगली, पण ती भागधारकाच्या खर्चाने.

मग पाहायचं काय?

सगळ्यात आधी दोष कुठे आहे ते पाहा: आराखड्यात, कारखान्यात, देखभालीत की उड्डाणात? पहिल्या दोन दोषांचा भार निर्मात्यावर पडतो; बाकीच्यांचा बहुधा इतरांवर. अहमदाबादच्या अपघाताच्या जुलै 2025 मधल्या प्राथमिक अहवालात, उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे, आणि त्या टप्प्यावर 787-8 च्या इतर वापरकर्त्यांसाठी काही शिफारस केलेली नव्हती. प्राथमिक अहवाल हा निकाल नसतो. त्याच्या जोरावर वैमानिकांना दोषी ठरवू नये आणि शेअरही घेऊ नये.

त्यानंतर नियामकाचे आदेश वाचा. कंपनीचं निवेदन दिलासा देण्यासाठी लिहिलेलं असतं. नियामकाचा आदेश काय बिघडलं ते सांगतो. मग महिन्याला किती विमानं सुपूर्द झाली आणि दर तिमाहीत रोख आत आली की बाहेर गेली, ते तपासा. ऑर्डरचे मोठे आकडे मथळ्यात येतात, पण कर्ज फिटतं ते दिलेल्या विमानांच्या पैशातून.

शेवटी व्यवस्थापन पैसा कुठे घालतं ते पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये केली ऑर्टबर्ग कंपनीचे प्रमुख झाले. डिसेंबर 2025 मध्ये बोइंगने स्पिरिट एअरोसिस्टिम्सचा बराचसा भाग आपल्यात घेतला. सांगाडा बनवणारे हात पुन्हा घरात आणणं ही योग्य दिशा आहे. पण रेंटनच्या कारखान्यात झाकण उघडलं की त्याची नोंद होते का, हे एका घोषणेतून कळणार नाही. काही वर्षांच्या सातत्यातून कळेल. तोवर असा शेअर घ्यायचाच असेल, तर निम्मा झाला तरी घरचं गणित बिघडणार नाही एवढाच घ्या.

सुरक्षेवर वाचवलेला पैसा नफा नसतो, ते नोंद न झालेलं कर्ज असतं. प्रवासी ते जिवाने फेडतात, भागधारक पैशाने. म्हणून गुंतवणूकदाराने सुरक्षेचा प्रश्न नफ्याच्या आधी विचारायला हवा.

*पुढील भागात : विमान एका कंपनीचं, पण इंजिन दुसऱ्याचं. इंजिनातल्या दोषाने भारतीय विमानं जमिनीवर कशी आणली?*