घरात मराठी, किंगरीवर गोंडी

दिवाळीत नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडच्या गोंड वस्त्यांवर दंडारी नाच निघतो. मोरपिसांचे भरघोस टोप घातलेले गुसाडी नर्तक आले की बाहेरच्या माणसाची नजर तिथंच खिळते. मला ओढ आहे ती त्याच मुलखातल्या एका हलक्या आवाजाच्या वाद्याची. किंगरी तिचं नाव. लाकूड कोरून केलेला पोकळ घट, त्यावर ताणलेलं कातडं, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. पडदे नाहीत, सूर बोटानं शोधायचा. ती वाजवणारा परधान, म्हणजे गोंडांचा परंपरागत गायक आणि वंशावळ सांगणारा.

वाद्याचं कूळ मराठवाड्याला परकं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात किन्नरी वीणा आहे, ती छेडून वाजवायची. आणि पिनाकी वीणा आहे, ती गजानं. आपल्या किंगरीनं नाव किन्नरीचं घेतलं, हात मात्र पिनाकीचा उचलला. दारोदार गोपीचंद-भर्तृहरीच्या कथा गाणाऱ्या नाथपंथीयांच्या हातातही किंगरी असते. परधानाची किंगरी मात्र ठरलेल्या घरांशी बांधलेली.

गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे सगे, म्हणजे कुळांचे गट, असतात. कोण कुणाचा भाऊ, सोयरीक कुठं चालते, कुळाचा देव कुठून कुठं आला, हे सगळं लांबलचक गीतकथांत गुंफलेलं आहे. त्या कथा परधानाला पाठ. एकेका परधान घराण्याकडे ठरावीक गोंड घराणी असत. परसापेन या कुळदेवाच्या पूजेला, मरणाच्या विधीला त्यानं यायचं, किंगरी लावायची आणि त्या कुळाची कथा त्या कुळाला ऐकवायची. मोबदल्यात धान्य, कापड, कधी जनावर. याला कुणी मागणं म्हटलं तर मला ते पटत नाही. हे वर्षभर चालणारं अध्यापन होतं. बिदागी सुगीला मिळत होती, एवढंच.

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवलेली गोष्ट तर विलक्षण आहे. आदिलाबादकडच्या परधानांची घरची भाषा मराठी, आणि देवाच्या कथा ते गातात गोंडीत! मुलगा आईशी मराठीत भांडणार, आणि बापाच्या मागं बसून गोंडी पदं उचलणार. तालीम अशीच. आधी नुसती साथ, पदाचं शेवटचं टोक धरून ओढायचं. हात आणि स्मरण पक्कं झालं की गज हाती. दुसऱ्या समाजाचा इतिहास त्या समाजाच्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी मराठी घरं आपल्या संगीताच्या इतिहासात कुठं नोंदली आहेत? नांदेडच्या संगीतशिक्षकांचा विषय निघाला की अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. नाथरावांना २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. किनवटचा परधान त्याच जिल्ह्यातला शिक्षक आहे, पण त्या यादीत त्याला जागा नाही.

निजामाच्या काळात किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९४० साली गोंडांचा बंडखोर नेता कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला गोंडांकडे बघावंच लागलं. हायमेनडॉर्फ तिथं राहिले, परधानांकडून कथा उतरवून घेतल्या. त्यांचं राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. त्याच भागातल्या मारलवाईला १९४३ मध्ये त्यांनी गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू केलं. गोंडी वाचनपुस्तकं छापली ती देवनागरीत. त्याच दशकात, १९४६ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ वेरिअर एल्विन यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तिकडे या वाद्याला बाना म्हणतात. रुसलेल्या बडादेवाला, म्हणजे गोंडांच्या थोरल्या देवाला, धाकट्या भावानं बाना वाजवून प्रसन्न केलं, आणि त्याचे वंशज परधान झाले, अशी तिकडची कथा.

१९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली. किनवट नांदेडला आलं, मुधोळ आदिलाबादला गेलं. नकाशावर हे सोपं असतं. सीमेच्या अलीकडे परधान आणि पलीकडे त्याची यजमान घरं, असं झालं की काय होत असेल? सीमेपलीकडच्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला पुष्य अमावास्येला महाराष्ट्रातूनही माणसं जातात. रेघेनं नाती तुटली नाहीत. पण शाळेची भाषा अलीकडे मराठी, पलीकडे तेलुगू. गोंडी समजणारे कान दोन्हीकडे कमी झाले, की गाणाऱ्यानं कुणासाठी गायचं? परधानाचं गाणं कथेवर उभं आहे. ऐकणाऱ्याला कुळाचं नाव ओळखता आलं नाही तर उरतो तो नुसता सूर. म्हणून लोककला महोत्सवात पाच मिनिटं किंगरी वाजवून घेणं मला अपुरं वाटतं. ती कथा रात्रभराची आहे. ध्वनिमुद्रण करायचं तर पूर्ण रात्रीचं, गोंडी शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ यांसह, आणि मागं साथीला बसलेल्या पोराचा आवाजही त्यात यायला हवा.

किंगरीची एक कथा गोंदिया जिल्ह्यातही आहे. तिथं सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. कली कंकालीची तेहतीस मुलं त्या गुहेत कोंडली होती, तोंडावर शिळा होती, अशी कथा सांगतात. हिरासुका पाटालीर नावाचा किंगरीवाला बाहेर उभा राहिला आणि त्यानं किंगरी वाजवली. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून शिळा ढकलली. मुलं बाहेर आली. शिळा गडगडत गेली ती किंगरीवाल्याच्या अंगावर.