झेंडूवरची अळी

नांदेडास किंवा लातुरास ज्यांच्या घरापुढें चार वाफ्यांपुरती माती आहे, त्यांच्या अंगणांत टोमॅटो, मिरची आणि वांगीं यांच्या कडेनें झेंडूची एक रांग हटकून आढळते. दसऱ्याच्या तोरणास घरचीं फुलें मिळावीं, हा एक हेतु. आणि झेंडूच्या उग्र वासानें कीड बागेकडे फिरकत नाहीं, हा दुसरा. पहिला हेतु बहुधा सफळ होतो. दुसऱ्याचा अनुभव मात्र चमत्कारिक येतो. फूल तोडून पाकळ्या विलग कराव्या, तों आंत बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी पाकळ्यांचे बुडखे कुरतडीत निवांत बसलेली असते. ज्यास पहाऱ्यावर नेमिलें त्याच्याच घरीं चोर जेवावयास बसावा, तसा हा प्रकार.

ही अळी मराठवाड्यास परकी नव्हे. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणतात, कपाशीवर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. नांवें चार, प्राणी एकच. शास्त्रज्ञ त्यास हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. तिचा रंगहि हिरवा, पिवळसर, तपकिरी असा पालटतो, त्यामुळें ती ओळखण्यांत पुष्कळांची फसगत होते. हिचा पतंग तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतो. मादी पुंजक्यानें अंडीं घालीत नाहीं. खसखशीच्या दाण्याएवढें एकेक अंडें कोंवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर आणि फुलांवर निरनिराळ्या जागीं चिकटविते. एका मादीचीं अशीं अंडीं शेंकड्यांनीं मोजावीं लागतात.

मग इतका उग्र वास असतां ती झेंडूवर येतेच कशी? मनुष्याच्या नाकास जो वास उग्र लागतो तो किडीसहि असह्य झाला पाहिजे, ही समजूतच निराधार आहे. पतंगास नाक नाहीं. तो गंध घेतो तो डोक्यावरील मिशांनीं. इंग्लंडांतील ब्रूस आणि कॉर्क या दोन शास्त्रज्ञांनीं झेंडूच्या फुलांतील गंधद्रव्यें वेगळीं काढून, या पतंगाची मादी कोणत्या द्रव्यांस प्रतिसाद देते हें तपासिलें व 2001 सालीं तें प्रसिद्ध केलें. त्या द्रव्यांत बेंझाल्डिहाइड, लिनलूल यांबरोबर लिमोनीनहि निघालें. संत्र्याच्या सालीस जो वास येतो तो मुख्यत्वें याच लिमोनीनचा. आतां दुसरा प्रयोग पाहा. न्यूकॅसल विद्यापीठांतील संशोधकांनीं कांचगृहांत टोमॅटोजवळ फ्रेंच झेंडू लाविला, तेव्हां टोमॅटोवर पांढऱ्या माशीची वाढ मंदावली, असें 2019 सालीं प्रसिद्ध झालें. आणि त्या माशीस दूर ठेवणारें द्रव्य कोणतें, तर तेंच लिमोनीन! जें माशीस नकोसें, तेंच पतंगाच्या मादीस बोलावणाऱ्या मिश्रणांत सामील. तेव्हां झेंडू कीड पळवितो काय, हा प्रश्न कोणती कीड हें सांगितल्यावांचून विचारण्यांत अर्थ नाहीं. लाल कोळी तर कोरड्या उष्ण हवेंत झेंडूच्या पानांवर जाळींच विणतो.

परंतु जुनी समजूत अगदींच पोकळ होती असें नव्हे. झेंडूच्या मुळांत टरथायेनिल नांवाचें द्रव्य असतें, आणि तें जमिनींतील सूत्रकृमींस मारक आहे हें 1958 सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं दाखवून दिलें. त्याचाहि लाभ एखाददुसरें रोप खोंचून होत नाहीं. त्या जागीं कांहीं महिने झेंडूचेंच दाट पीक घ्यावें लागतें. मुळांचा हा गुण लोकांनीं फुलांच्या पदरीं बांधिला, आणि घोटाळा झाला.

बेंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या घोटाळ्यांतूनच उपाय काढिला. पतंगास झेंडू प्रिय आहे ना, मग त्यास तोच वाढावा! टोमॅटोच्या 16 ओळींमागें उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ, अशी त्यांची 1994 सालीं प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. लागवडीच्या वेळीं झेंडूचें रोप 45 दिवसांचें आणि टोमॅटोचें 25 दिवसांचें घ्यावयाचें, कां कीं दोन्हीं एकाच सुमारास फुलावीं. टोमॅटो आधीं फुलला आणि झेंडू मागून, तर आमिष उशिरा पोंचलें असें होईल. अंगणांतील बागेंत सोळा ओळी कोठून येणार; तेथें कडेचीं चारसहा झाडें पुरतात. मात्र एक दिवसाआड सकाळीं फुलें व कळ्या निरखून अळ्या वेंचाव्या, साबणाच्या पाण्यांत बुडवाव्या, आणि किडलेलीं फुलें तेथेंच खतांत न टाकितां दूर करावीं. हें न केल्यास झेंडू सापळा न राहतां पाळणा होतो. अळी पूर्ण वाढते, मातींत उतरून कोष करिते, आणि पुढचा पतंग शेजारच्या टोमॅटोवरच येतो.

कपाशीच्या कडेनेंहि झेंडू लावितात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या परिसरांतील शेतकऱ्यांस हें नवें नाहीं. पण 2002 सालीं बीटी वाणांस परवानगी मिळाल्यावर कपाशीवरची हिरवी बोंडअळी मागें पडली, आणि 2017 सालीं महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें हाहाकार केला. ही गुलाबी अळी झेंडूकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तिच्या भरंवशावर कोणी झेंडू लाविला असेल तर त्यानें केवळ फुलेंच मिळविलीं.

खरा धोका लातूरकडच्या तुरीस आणि हरभऱ्यास आहे. दिवाळी सरली म्हणजे झेंडूचा भाव पडतो, तोडणीची मजुरीहि निघत नाहीं, आणि फुलांनीं भरलेलीं शेतें तशींच सोडून दिलीं जातात. नेमकी त्याच सुमारास तूर फुलावर येते, हरभरा उगवून वर येतो. बाजारास नकोशा झालेल्या त्या फुलांत वाढलेल्या अळ्यांचे पतंग पंधरा दिवसांत बांध ओलांडतात. शेवटची तोडणी झाली कीं झाडें उपटून जनावरांपुढें टाकावीं किंवा खोल गाडावीं, आणि तें काम तुरीस पहिलें फूल लागण्यापूर्वींच उरकावें.